बाटलीवरचा नंबर आणि गरिबाचें मरण

शेतकरी, कोळी, आगरी, कुंभार, सुतार, लोहार बांधवहो, आणि मायबहिणींनो!

गेल्या भाद्रपदांत आमच्या खाडीकांठच्या गांवांत एक माणूस तापानें मेला. वय चाळिशीच्या आंत. त्याची धाकटी मुलगी माझ्या वर्गांत चौथीला आहे. खाजणांतल्या शेताचा बांध फुटला होता, तो चिखलांत उभा राहून बांध घालीत होता. दोन दिवसांनीं अंगांत ताप भरला, डोळे लाल झाले, पोटऱ्या ठणकूं लागल्या. घरच्यांनीं त्यास बाजारगांवच्या एका दवाखान्यांत नेलें. तेथें एक सुई टोचली आणि कागदाच्या पुडींत तीन रंगांच्या गोळ्या बांधून दिल्या. गोळ्यांवर नांव नाहीं, पुडीवर अक्षर नाहीं, दिलेल्या पैशांची पावती नाहीं. सहाव्या दिवशीं लघवी बंद झाली. जिल्ह्याच्या गांवीं नेण्यासाठीं गाडी आणि पैसे जमवीपर्यंत आठवा दिवस उजाडला आणि तो गेला.

मीं विचारलें, "कशानें गेला?" घरचे म्हणाले, "तापानें." ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या नोंदींतही तेंच पडलें: ताप. बांधवहो, ताप हें रोगाचें नांव नव्हे. घर पेटलें म्हणजे धूर दिसतो, तसा ताप हा रोगाचा धूर आहे. हिवताप, लेप्टो, डेंग्यू, विषमज्वर, या साऱ्यांची सुरुवात तापानेंच होते आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. त्या माणसाचें रक्त कोणीं तपासलें नाहीं. त्याच्या पोटांत कोणत्या गोळ्या गेल्या हें कोणास ठाऊक नाहीं. त्या गोळ्यांत औषध होतें कीं नुसती भुकटी होती, हेंही कोणास ठाऊक नाहीं.

दहाव्याला आलेले एक शिकलेसवरलेले गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, त्याची वेळ भरली होती. शिवाय हे अडाणी लोक, यांना औषधांतलें काय कळणार?" आणि आमच्यांतलाच एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, कागदावर लिहिल्यानें मेलेला माणूस परत येतो का?" या दोन्ही बोलण्यांना जबाब देण्यासाठीं आज हा लेख लिहीत आहें.

माझें म्हणणें एवढेंच आहे: त्याची वेळ भरली नव्हती, आमची वही कोरी होती. रोग्याची नोंद आणि औषधाचा नंबर हे दोन कागद ज्याच्या घरीं नाहींत, त्याच्या मरणाची चौकशी होऊंच शकत नाहीं. आणि ज्याच्या मरणाची चौकशी होत नाहीं, त्याच्या मागून त्याच वाटेनें दुसरा जातो.

हा नंबर काय चीज आहे, तें एका जुन्या गोष्टीवरून सांगतों. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. हाफकिन नांवाच्या शास्त्रज्ञानें मुंबईंत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. पुढें परळच्या प्रयोगशाळेंत ही लस मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ माणसांना ही लस टोचली, आणि त्यांतले १९ जण धनुर्वातानें मेले. ओरड झाली कीं हाफकिनची लसच विषारी. त्याला कामावरून दूर केलें. पण प्रत्येक बाटलीला नंबर होता, आणि कोणाला कोणत्या बाटलींतून टोचलें याची नोंद होती. तपासांत दिसलें कीं मेलेले एकूणएक १९ जण ५३-एन या एकाच बाटलीचे. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांस कांहीं झालें नाहीं. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करतां वापरला होता, हें पुराव्यांत आलें. नामांकित शास्त्रज्ञांनीं हाफकिनची बाजू घेतली आणि १९०७ सालीं तो दोषमुक्त झाला. परळच्या त्या संस्थेला आज त्याचेंच नांव आहे.

आतां या गोष्टींतला आपला धडा पाहा. नंबर आणि नोंद नसती तर दोन अनर्थ झाले असते. निर्दोष माणूस जन्मभर दोषी ठरला असता, आणि लाखो लोकांनीं प्राण वांचविणारी लस टाकून दिली असती. नोंद ही नुसती गुन्हेगार पकडण्यासाठीं नसते. चांगलें औषध आणि चांगला डॉक्टर यांची अब्रूही तीच राखते. ज्या डॉक्टराचें औषध खरें आहे, त्याला चिठ्ठी लिहून देण्याची भीति कां वाटावी?

"पण ही जुनी गोष्ट झाली, आतां कायदा आहे," असें कोणी म्हणेल. कायदा आहे खरा. औषधांचा कायदा १९४० सालींच झाला. आणि त्यानंतर ४६ वर्षांनीं, १९८६ च्या आरंभीं, मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरीन पाजलेले १४ रोगी मेले. मेंदूची सूज आणि डोळ्यांतला दाब उतरविण्यासाठीं तें ग्लिसरीन दिलें होतें. पण तें औषधी ग्लिसरीन नव्हतें, कारखान्यांत वापरण्याचा माल होता आणि त्यांत डायएथिलिन ग्लायकॉल हें विष होतें. हें विष ग्लिसरीनसारखेंच दाट आणि गोड, पण स्वस्त. पोटांत गेलें म्हणजे मूत्रपिंडें मारतें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी केली. पुरवठादार, रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्री, कोणाचीही त्यांनीं गय केली नाहीं. आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावें लागलें. ही चौकशी कां होऊं शकली? रोगी एकाच रुग्णालयांत होते, त्यांचे कागद होते, बाटल्या सांपडल्या. तेच १४ जण १४ खेड्यांत पुडीचें औषध घेऊन मेले असते, तर १४ ठिकाणीं लोक म्हणाले असते, "वेळ भरली होती."

हें विष नवें नव्हतें. १९३७ सालीं अमेरिकेंत याच विषानें शंभरावर माणसें मेलीं आणि पुढच्याच वर्षीं तेथें कडक कायदा झाला. आमच्याकडे आयोग बसला, अहवाल आला आणि कपाटांत गेला. २०२२ सालीं आफ्रिकेंतील गांबिया देशांत सत्तरएक लेंकरें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें तपासलें तेव्हां भारतांतून गेलेल्या खोकल्याच्या औषधांत हेंच विष निघालें. आणि २०२५ सालीं आपल्या शेजारीं, मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत वीसांवर लहान मुलें गेलीं. त्यांतलीं कित्येक उपचारासाठीं नागपूरला आणलीं होतीं. साधा सर्दीखोकला असलेल्या पोरांचीं मूत्रपिंडें कां बसतात, असा प्रश्न डॉक्टरांना पडला. कोल्ड्रिफ नांवाच्या सरबताची एस.आर.-१३ ही खेप तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेनें तपासली, तेव्हां त्यांत विष शेंकडा ४८.६ निघालें. चालण्याजोगें प्रमाण शेंकडा ०.१. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विष! त्या खेपेचा नंबर हातीं होता म्हणूनच महाराष्ट्रासह इतर राज्यांना तो जाहीर करून सावध करतां आलें. नंबर नसता तर कोणती बाटली फेकावी आणि कोणती ठेवावी, हें आईला कोणीं सांगितलें असतें?

हा झाला विषाचा प्रकार. दुसरा प्रकार पोकळ औषधाचा, आणि तो याहून लबाड आहे, कारण त्यांत कोणी पटकन मरत नाहीं. मार्च २०२३ मध्यें नागपूर जिल्ह्यांतील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयांतून औषध निरीक्षकांनीं सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळीचा नमुना घेतला. ही गोळी जंतूंच्या रोगांवर देतात. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेचा निर्णय डिसेंबरांत आला: गोळींत औषधच नाहीं! फेब्रुवारी २०२४ मध्यें नागपूरच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून अशा २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. वेष्टनावर ज्या कंपनीचें नांव होतें ती कंपनीच अस्तित्वांत नव्हती. गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होता, असें पोलिसांच्या दोषारोपपत्रांत आलें.

मार्च ते डिसेंबर म्हणजे नऊ महिने! आईच्या पोटांत मूल वाढून जन्माला येतें तेवढा काळ एक गोळी खरी कीं खोटी हें ठरविण्यास लागला. या काळांत ती गोळी कोणीं कोणीं गिळली? दवाखान्याच्या वहींत त्यांच्या नांवापुढें काय लिहिलें गेलें असेल? "औषध दिलें, गुण नाहीं." मग डॉक्टर काय समजणार? कीं हा जंतु आतां या औषधाला जुमानत नाहीं, याहून भारी आणि महाग औषध द्यावें. म्हणजे चोराच्या पावडरीनें रोगी तर फसलाच, पण वहीही फसली, आणि वहीवर विसंबणारें सारें शास्त्रही फसलें. आणि गोळींत औषध अजिबात नसण्याऐवजीं अर्धेंमुर्धें असलें, तर अर्धमेले जंतु उलट शिरजोर होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं असा अंदाज दिला कीं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर १० औषधांमागें १ हलकें किंवा नकली असतें. श्रीमंतांच्या देशांत असें झालें असतें तर सरकारें उलथलीं असतीं!

आतां त्या शिकलेल्या गृहस्थांना जबाब देतों. "अडाणी लोकांना काय कळणार?" गृहस्थहो, आमची कोळीण पापलेटाचा कल्ला उघडून पाहिल्याशिवाय मासळी उचलीत नाहीं. कुंभाराकडचें मडकें आम्ही वाजवून घेतों. भाताचें बियाणें पेरण्यापूर्वीं मिठाच्या पाण्यांत टाकून जें पोकळ बीं तरंगतें तें काढून फेकतों. पारख आम्हांला शिकवूं नका! पण पोकळ गोळी पाण्यावर तरंगत नाहीं आणि विषारी सरबताला वास येत नाहीं. तेथें डोळा आणि नाक चालत नाहीं, तेथें प्रयोगशाळा लागते. ती प्रयोगशाळा तुमच्या हातीं, तिचे अहवाल तुमच्या कपाटांत, आणि अडाणी मात्र आम्ही? पूर्वीं पोथी बगलेंत मारून आम्हांला सांगत होतां कीं हें तुमच्या कानावर पडूं नये. आतां अहवाल बगलेंत मारून सांगतां कीं हें तुम्हांला कळणार नाहीं. पोथी बदलली, बगल तीच!

आणि नोंदींतून शास्त्र घडविणें आमच्या घरच्या पोरांना जमत नाहीं, असें ज्याला वाटतें त्यानें आमच्याच रायगड जिल्ह्यांतील महाडास यावें. हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता त्या काळीं, १९७६ सालीं, डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रावर आले. जालना जिल्ह्यांतील देहेड गांवचा शेतकऱ्याचा मुलगा. कोंकणांत लाल विंचू चावून माणसें, विशेषेंकरून लेंकरें, मरत होतीं, आणि तेथेंही हेंच बोलणें होतें: वेळ भरली. या डॉक्टरानें वेळेवर विश्वास ठेवला नाहीं, घड्याळावर ठेवला. रोग्याच्या उशाशीं बसून नाडी किती, दाब किती, घाम केव्हां सुटला, दम केव्हां लागला, हें तासातासानें लिहिलें. त्या लिहिण्यांतून कळलें कीं विंचवाचें विष हृदयावर घाला घालतें. १९८२ सालीं विलायतेच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत त्यांचें टिपण छापून आलें. पुढें प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यांनीं या रोग्यांना दिली, त्याच्याही नोंदी ठेवल्या, आणि भारी विषबाधा झालेल्यांचें जें मरण शेंकडा ४० पर्यंत होतें तें शेंकडा १ वर आलें. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कामांत बरोबरीनें राबल्या. २०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. विंचू हा साथीचा रोग नव्हे, हें मला कळतें. पण वहीची ताकद काय असते हें आमच्याच मातींत सिद्ध झालें आहे.

आणि त्या म्हाताऱ्या बाबांना जबाब असा: बाबा, लिहिल्यानें मेलेला परत येत नाहीं, पण बिरवाडीच्या वहीनें पुढचे किती परत आणले ते मोजा.

मात्र एक गोष्ट मी प्रामाणिकपणें कबूल करतों. आमचे लोक नोंदीला भितात, याला कारण आहे. १८९७ च्या प्लेगांत सरकारनें गोरे शिपाई घरांत घुसवून रोगी हुडकले, भांडींकुंडीं बाहेर फेकलीं, बायाबापड्यांची विटंबना केली. लोकांनीं रोगी लपविले आणि प्रेतें लपविलीं. जी मोजणी बंदूक घेऊन येते, तिच्यापुढें कोणी खरें सांगत नाहीं. त्याच प्लेगांत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनीं रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. सावित्रीबाई स्वतः रोगी उचलून आणीत होत्या. त्यांतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. रोग्याजवळ जाण्याच्या या दोन रीति आहेत. पहिल्या रीतीनें आकडा मिळत नाहीं, दुसरीनें मिळतो, कारण लोक आपल्या माणसाजवळच बोलतात.

आज तें आपलें माणूस कोण? पावसांत चिखल तुडवीत घरोघर येऊन "ताप आहे का कोणाला?" म्हणून विचारणारी आशाताई. बोटाला सुई टोचून कांचपट्टीवर रक्ताचा थेंब घेणारा आरोग्यसेवक. तालुक्याला दिवसभर सूक्ष्मदर्शकावर डोळे फोडणारा तंत्रज्ञ. दुकानांतून नमुना उचलणारा निरीक्षक आणि प्रयोगशाळेंत तो तपासणारा विश्लेषक. विलायतेंत ऑक्सफर्ड येथें संशोधकांचें एक मंडळ आहे. तें हिवतापासारख्या रोगांच्या देशोदेशींच्या नोंदी एकत्र करून कोणतें औषध कोठें लागू पडतें हें पाहतें, आणि बाजारांतलें औषध अस्सल कीं नकली याचाही शोध घेतें. फार मोठें काम! पण तशा मोठ्या आकड्याचें मूळ अखेर आमच्या आशाताईसारख्या बाईच्या वहींतच असतें. मूळ सुकलें तर शेंड्याला पाणी घालून काय उपयोग?

आणि त्या मुळाची किंमत आम्ही काय करतों? तिला पगार नाहीं, 'मानधन' आहे. ती नोकर नाहीं, 'स्वयंसेविका' आहे. २०२४ च्या आरंभीं हजारो आशाताई मानधनवाढीसाठीं मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या. त्यांच्या मागें किती गांवें उभीं राहिलीं? मोठ्या शास्त्रज्ञाला शाल मिळते. शालीचा एकएक धागा जिनें कातला, तिला महिनोन्‌महिने थकलेल्या पैशासाठीं खेटे घालावे लागतात. ही बाई आमच्याच घरची, कुणब्याची, कोळ्याची, आगऱ्याची, महादेव कोळी आणि कातकऱ्यांच्या वाडीवरची. तिची वही ही आमच्या जातभाईंची जन्मपत्रिका आहे, आणि ती खरी आहे.

आतां माझा स्वतःचा गुन्हा सांगतों. दुसऱ्याला बोल लावणाऱ्यानें आपलें पदर आधीं झाडावें. मी वीस वर्षें शाळेचा हजेरीपट भरतों. श्रावण-भाद्रपदांत निम्मा वर्ग रिकामा असतो. मीं त्या घरांत काय लिहीत आलों? 'गैरहजर'. कां गैरहजर, हें मीं कधीं लिहिलें नाहीं. त्या आठवड्यांत मरणाऱ्या माणसाच्या आळींतलीं पांच पोरें तापानें घरीं होतीं. माझ्या डोळ्यांपुढें पांच रिकाम्या जागा होत्या आणि मला त्यांत साथ दिसली नाहीं. त्या दिवशीं मीं उपकेंद्रावर चिठ्ठी धाडली असती, तर कदाचित् आळींत रक्त तपासणारा माणूस दोन दिवस आधीं आला असता. अध्यापक विद्यालयांत मला हजेरीची बेरीज शिकविली, अर्थ शिकविला नाहीं. पण ही सबब मी स्वतःला देऊं इच्छीत नाहीं. यंदापासून माझ्या हजेरीपटाच्या समासांत 'ताप' लिहिला जातो आणि एका आळींत तीन झाले कीं आशाताईंना निरोप जातो.

तेव्हां बांधवहो, आपण काय करावें तें सांगतों, आणि यांत पैशाचें काम फार थोडें आहे.

पुडीचें औषध घेऊं नका. गोळी पट्टीसकट द्या म्हणावें, आणि चिठ्ठी व बिल मागून घ्यावें. बिल मागणें म्हणजे भांडण नव्हे. भात विकतांना आपण काटा पाहतोंच कीं नाहीं? गोळ्या संपल्या तरी रोगी बरा होईपर्यंत रिकामी पट्टी आणि बाटली फेकूं नका. नंबर तिच्यावरच आहे. घरांत अक्षरओळख असलेलें पोर असेल तर त्याला दिनदर्शिकेवर लिहावयास लावा: ताप कोणत्या दिवशीं आला, कोणती गोळी कोणत्या दिवशीं दिली, काय झालें.

औषधाचा संशय आला तर गप्प बसूं नका. १९४० च्या औषध कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणें विकत घेतलेलें औषध कोणाही माणसास ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेतां येतें, आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळविण्याचा त्याला हक्क आहे. ही फी एकट्याला जड वाटेल तर बचतगटानें भरावी, मच्छीमार सोसायटीनें भरावी. घरचें माणूस गेलें तर अखेरच्या आजारांत औषध देणाऱ्या डॉक्टराकडून मरणाच्या कारणाचा दाखला मागा. जन्ममृत्यूच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणें तो फुकट मिळाला पाहिजे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनें हा नियम अधिक पक्का झाला आहे. 'ताप' या एका शब्दावर आपला माणूस जाळूं नका.

आणि ग्रामसभेंत उभें राहून विचारा: आपल्या आरोग्यकेंद्रांत आलेल्या औषधांचे नमुने गेल्या वर्षीं किती तपासले, आणि निकाल किती दिवसांत आला? फळ्यावर लिहा म्हणावें. नऊ महिन्यांनीं येणारा अहवाल हा अहवाल नव्हे, तें श्राद्धाचें आमंत्रण आहे. सरकारनें प्रयोगशाळा वाढवाव्या, निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्या, आशाताईला मानधनाऐवजीं पगार द्यावा, आणि निकाल येईपर्यंत संशयाचा माल गरिबाच्या पोटांत जाऊं देऊं नये. या मागण्या मोठ्या नाहींत. यांत कोणाचें देऊळ पडत नाहीं कीं कोणाची गादी जात नाहीं. जात असेल तर फक्त चोराची.

"वेळ भरली," असें यापुढें कोणी तुमच्या दारांत येऊन म्हणालें, तर त्याला बसावयास पाट द्या, पाणी द्या, आणि एवढेंच विचारा: "कोणती बाटली? नंबर काय? रक्त कोणीं तपासलें?" याचें उत्तर त्याला देतां आलें नाहीं, तर वेळेचें नांव घेण्याचा त्याला अधिकार नाहीं.

आपला,
खाडीकांठचा एक शाळामास्तर